पहिली टाकी पाण्याची

या सौद्यात पुंडलिकरावांचे सात हजार वाचणार होते; साळ्याचं तोंड बंद होणार होतं, त्याची किंमत वेगळी. संत्र्याच्या बागेत औषध फवारायच्या, ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरचा जुना पंप खलास झाला, तेव्हा साळा गोपाल बजावून गेला होता की भाऊजी, पिस्टनचाच घ्या. भाऊजींनी महागावहून विहिरीवर बसतो तसला पंख्याचा पंप आणला आणि पट्टा चढवून ब्लोअरला जोडला. पाणी फेकतो ना? मग झालं.

औषधाचा हिशेब जुनाच ठेवला: एक टाकी, शंभर झाडं. फळं लिंबाएवढी झालेली, व्यापारी बाग बघून गेलेला. मात्रा चुकली तर वर्षाचा बहार करपणार, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. पण घरधनीण तानाबाई आडव्या आल्या. नव्या वस्तूची पूजा झाली की पहिली टाकी निव्वळ पाण्याची, ही त्यांच्या माहेरची रीत.

"हळदकुंकू लावलं त्या दिवशी इख नाही जाणार बागेत," त्या म्हणाल्या. "उद्या मारा, काय मारायचं ते."

दिवस वाया, डिझेल वाया, असं पुटपुटत पुंडलिकरावांनी नारळ फोडला आणि ट्रॅक्टर काढला. टाकी एकसष्टाव्या झाडालाच संपली.

सून सुरभी पानं बघत मागून चालत आली. बाग रस्त्याला लागून, त्यामुळे पानापानावर धूळ, आणि त्या धुळीनंच चुगली केली. उताराची झाडं न्हाऊन निथळत होती. चढावर, जिथं ट्रॅक्टर भुसभुशीत मातीत दमला, तिथले शेंडे तसेच मातकट.

"मामाजी, पिस्टन एका फेऱ्याले ठरलेलं माप टाकते," ती म्हणाली. "हा पंखा इंजिनच्या रेसवर चालते. रेस वाढली का पूर, उतरली का थेंब. आज औषध असतं तं खालची सारी झाडं करपली असती."

पुंडलिकराव निथळत्या झाडाखाली गेले. एक थेंब हातावर पडला, तो त्यांनी जिभेला लावून पाहिला. पाणीच होतं. मग ते बांधावर बसले, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले.

"खोबरं उरलं का थोडं?" त्यांनी विचारलं.

"कायले? वाया गेला ना तुमचा दिवस," म्हणत तानाबाईंनी अर्धी वाटी पुढे केली.

पंख्याचा पंप विहिरीवर बसला. तिथं तो गुणाचा निघाला. वाचलेले सात हजार पिस्टनच्या पंपात गेले. किडीला चार दिवसांची सूट मिळाली. गोपालचं बोलणं पुंडलिकरावांनी चहासोबत गिळलं. बागेला काही भरावं लागलं नाही. डिझेल सोडलं तर खरा खर्च झाला तो तीस रुपयांच्या नारळाचा, आणि तोही तानाबाईंनी आपल्या गाठीचा दिलेला.