थर्माकोलची काळी बाजू

मित्रांनो, आधी एक विनंती. माझं ऐकायचं तर ऐका, पण मला टेकून उभे राहू नका. मी दिसतो दरवाजाएवढा, पण वजन म्हणाल तर दोन वर्तमानपत्रांचं, आणि माझा कोपरा एकदा तुटला की परत उगवत नाही. दोन आधीच गेलेत. मी एक जुना थर्माकोलचा तक्ता आहे. एका फोटो स्टुडिओत, कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत माझा मुक्काम असतो.

कारखान्यात पांढरे दाणे वाफेवर फुगवून मला तयार केलं. पहिलं काम मिळालं ते एका मोठ्या आरशाची पाठ सांभाळायचं. ट्रकमधले सगळे धक्के मी खाल्ले. ब्यूटी पार्लरमध्ये पोचल्यावर पार्लरवाली टाळ्या पिटत म्हणाली, "आरसा अगदी सुखरूप आला हो!" आणि मला उचलून दिलं फुटपाथवर टाकून. असा राग आला म्हणून सांगू! आरशात सगळे डोकावणार, आणि आम्ही मात्र कचऱ्याच्या गाडीची वाट बघत बसायचं.

शेजारच्या फोटोच्या दुकानातून तेवढ्यात एक ताई बाहेर आली. तिने मला उचललं, उन्हात धरलं आणि आपल्या हातावर पडलेला माझा मऊ उजेड बघत राहिली. "हे मी नेऊ का गं?" तिने पार्लरवालीला विचारलं.

"ने की. पण करणार काय त्याचं?"

"शिकणार आहे," ताई म्हणाली.

या ताईला सगळी गल्ली 'पासपोर्टताई' म्हणायची. चौदा वर्षं ती काउंटरमागच्या कोपऱ्यात ओळखपत्रांचे फोटो काढत होती. हनुवटी सरळ, दोन्ही कान दिसू देत, हसू नका, खटॅक. झालं. तिने स्वतःच्या हाताने एक पाटी लिहून लावली होती, 'सावली पडली, फोटो परत'. चेहऱ्यावर किंवा मागच्या पडद्यावर जराशी जरी सावली आली, तरी सरकारी कचेरीतून फोटो परत यायचा आणि गिऱ्हाईक भांडायला उभं राहायचं. त्यामुळे सावली दिसली की ती हात धुवून तिच्या मागे लागायची.

पण त्या सुमारास चौकात फोटोचं यंत्र बसलं. आत शिरा, बटण दाबा, फोटो बाहेर. काउंटरवर माश्या उडायला लागल्या. मालकांनी ताईला बोलावून सरळ सांगितलं, "बघा ताई, काउंटर तीन महिन्यांनी बंद करतोय. माणसांचे चांगले, मोठे फोटो काढायची वरची खोली तेवढी ठेवणार. ती चालवता येत असेल तर रहा. नाहीतर मला बाहेरून माणूस आणावा लागेल."

"येईल," ताई म्हणाली.

"येईल म्हणून नाही चालायचं. आईचा फोटो काढून दाखवा. तिने हो म्हटलं, तर खोली तुमची."

हे ऐकून माझाही जीव खालीवर झाला. कारण मालकांच्या आई, ज्यांना सगळं दुकान आजी म्हणायचं, त्या काही साध्यासुध्या नव्हत्या. तरुणपणी याच दुकानात बसून त्यांनी बारीक ब्रशने हजारो फोटोंचं टचिंग केलं होतं. लोकांच्या सुरकुत्या, व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं पुसलं. स्वतः मात्र कधी कॅमेऱ्यासमोर बसल्या नाहीत. म्हणायच्या, "मला माहीत आहे तुम्ही काय करता ते. मलाच पुसून टाकाल."

मग आमची शिकवणी सुरू झाली. दुपारी दोन ते चार दुकान बंद असायचं. त्या वेळात, मागच्या गोदामात, दार-खिडकी सोडून सगळीकडे पुठ्ठ्याची तपकिरी खोकी छतापर्यंत रचलेली, त्यात एक स्टूल, पांढऱ्या छत्रीचा एक दिवा आणि मी. दिवा एका बाजूने उजेड टाकायचा, मी दुसऱ्या बाजूला उभा राहून त्यातला थोडा परत द्यायचो. गालावरचा काळोख जरा निवायचा. काम एवढंच, पण बघता बघता मला त्याचा अभिमान वाटायला लागला.

पहिली मॉडेल म्हणून आली पार्लरवाली. ताईने दिवा नको तितका वर चढवला आणि फोटो दाखवला. नाकाची सावली बरोबर वरच्या ओठावर!

"अगं बाई, दिवसभर मी बायकांच्या मिशा काढते, आणि तू माझीच मिशी काढलीस!" पार्लरवाली एवढी हसली की स्टूल कलंडलं. ताई हसली नाही. तिने दिवा दोन बोटं खाली केला, परत फोटो काढला. मग आणखी दोन बोटं. सतराव्या फोटोत मिशी गेली.

मग आले ताईचे दीर. ते बसल्याबसल्या ताई सवयीने म्हणाली, "भावजी, हनुवटी सरळ. कान दिसू देत. हसू नका."

"वहिनी, मी काय परदेशी पळून चाललोय का?"

त्यांच्या चष्म्यात दिवा चमकायचा. हटवायला गेलं की छत्री चमकायची, छत्री हटवली की मी. दोन दुपारी त्यातच गेल्या. शेवटी चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित वर उचलल्यावर काच जरा खाली झुकली आणि भावजींचे डोळे दिसले. ताईने ते लगेच वहीत लिहून ठेवलं.

या वहीने एकदा भलताच घोळ घातला, तोही सांगतो. पार्लरवालीचा एक फोटो फार सुरेख जमला होता. वहीत नोंद होती, 'दिवा उजवीकडे'. दुसऱ्या दिवशी तसाच काढायला गेली तर जमेचना. दिवा उजवीकडे आहे, तक्ता डावीकडे आहे, आणि चेहरा मात्र परक्या बाईचा. तासाभराने ताईच्या डोक्यात उजेड पडला. उजवीकडे म्हणजे कोणाच्या? तिच्या की पार्लरवालीच्या? कॅमेऱ्यासमोरच्या माणसाची उजवी तिच्या डावीकडे येत होती! तिने सगळ्या वहीतले 'उजवी' आणि 'डावी' खोडले. गोदामाच्या एका अंगाला दार होतं, दुसऱ्या अंगाला खिडकी. त्या दिवसापासून वहीत फक्त 'दाराकडे' आणि 'खिडकीकडे'. मला ही युक्ती फार आवडली.

आता एक दुखरी गोष्ट. कुठेतरी तिने ऐकलं की एक बाजू काळी असलेला तक्ताही लागतो, तो उजेड देत नाही, उलट खातो. दुकानाच्या शटरला लावून उरलेला काळा ऑइलपेंट होता. तिने मला पालथं घातलं आणि ब्रश फिरवला. मित्रांनो, ऑइलपेंट आमचा जन्माचा वैरी! माझी पाठ चरचरत विरघळायला लागली. "अरे देवा, हे काय झालं!" म्हणत ताईने फडक्याने पुसलं, पण तोवर पाठभर खड्डे पडले होते. वरून तिने पाण्यातला काळा रंग लावला, वाळवला, आणि ती बाजू कायम भिंतीकडे करून ठेवली. मीही तिला दोष दिला नाही. अशी पाठ कोणाला दाखवणार? आणि तिलाही ती बाजू कधी लागली नाही. सावली म्हटलं की तिचा हात आपोआप माझ्या पांढऱ्या बाजूकडे जायचा.

तीन महिने संपले. वहीची शेवटची पानं भरली. ठरलेल्या दिवशी सकाळी दहा वाजता आजी जिना चढून वर आल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हातात भिंग. ताईने मला वर नेलं, दिवा लावला आणि वही उघडली. 'दिवा खिडकीकडे, तक्ता दाराकडे.'

तिने मान वर केली आणि तिचा चेहरा उतरला. वरच्या खोलीत दार आणि खिडकी दोन्ही एकाच भिंतीत होती.

आता या बाईला दिवा कुठे ठेवायचा हे कळत नव्हतं असं नाही. पण तीन महिन्यांचा आधार पायाखालून सरकला की माणूस गडबडतो. तिने घाईघाईने मला दिव्याच्या समोरच्या बाजूला उभं केलं आणि फोटो काढला. खोलीच्या चारही भिंती पांढऱ्याशुभ्र. दिव्याचा उजेड भिंतींवरून परत येत होता, छतावरून येत होता, वरून मीही माझा घालत होतो. सावली नावालासुद्धा उरली नाही.

आजींनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला. "झाला पासपोर्ट," त्या म्हणाल्या. "कुठे पाठवताय मला?"

मालक खाली बघायला लागले. "ताई, राहू दे. प्रयत्न केलात तुम्ही."

"एक मिनिट, साहेब," ताई म्हणाली. तिने वही मिटून खिडकीत ठेवली. मग स्टूलसमोर बसली, डोळे बारीक केले आणि आजींकडे नुसती बघत राहिली. इतका वेळ की आजीच म्हणाल्या, "काय बघतेस गं?"

"तुम्हाला बघतेय. इतका वेळ दिवाच बघत होते."

ती उठली आणि माझ्याकडे आली. मी आपला पांढरा चेहरा पुढे करून तयार. पण तिने मला गर्रकन फिरवलं. तीच ती खड्ड्यांची, काळी बाजू! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब, धरा."

"मी? हा कचरा?"

"आजींच्या गालाजवळ. अजून जवळ. अजून. फोटोत येऊ देऊ नका. आता श्वास घ्या, पण हलू नका."

मालक बापडे घाम पुसायलाही हात नसल्यासारखे मला धरून उभे. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, उजेड द्यायच्या ऐवजी प्यायला लागलो. भिंतींवरून येणारा सगळा. हळूहळू आजींच्या त्या गालावर सावली उतरली. कपाळाच्या आठ्या दिसल्या, ब्रशच्या टोकाकडे रोखून रोखून बारीक झालेला डोळा दिसला, ओठांच्या कोपऱ्यातला तो खवचटपणाही दिसला. ताई त्यांना 'हसू नका' म्हणाली नाही. खटॅक.

मोठा फोटो छापून झाला, तेव्हा आजी भिंग घेऊन त्यावर वाकल्या. जुन्या सवयीने इंचइंच तपासायला लागल्या. आम्ही तिघे श्वास रोखून उभे. खरं तर मला श्वास नाही, पण तुम्ही समजून घ्या.

"डोळ्यात हा दिव्याचा ठिपका कळला," त्या म्हणाल्या. "त्याच्या शेजारी हा काळा पट्टा कसला?"

ताई कसनुशी झाली. "तक्ता आहे, आजी. फार जवळ धरला होता ना."

"पुसून टाकतो, आई," मालक लगेच म्हणाले. "दोन मिनिटांचं काम."

आजींनी भिंग खाली ठेवलं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. "आयुष्यभर मी पुसतच आले. याला ब्रश लावायचा नाही. कुठेच नाही. आणि त्या पोरीला खोलीची किल्ली दे."

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. ताई आता वरच्या खोलीत नव्या लोकांना शिकवते. माझं काम करायला कापडी, गुंडाळायचे, चंदेरी रिफ्लेक्टर आले आणि मी कपाटामागे गेलो. परवा सफाईत कोणीतरी मला बाहेर काढून म्हणालं, "हे भंगार टाकू का?" ताई जिन्यावरून ओरडली, "त्याला हात लावायचा नाही!" मला जिथल्या तिथे ठेवलं गेलं.

तेव्हा मित्रांनो, आमच्यासारख्यांना सांभाळा. उभं ठेवा, वजन टाकू नका, ऑइलपेंटपासून चार हात लांब ठेवा. आणि कोणाच्या चेहऱ्यावर सावली दिसली, तर लगेच पुसायला धावू नका. आधी नीट बघा. माझं म्हणाल तर मी हजारो फोटोंना उजेड दिला आणि त्यातल्या एकातही दिसत नाही. दिसतो तो फक्त एकाच फोटोत. जिना चढून वर आलात की समोरच लावलाय. आजींच्या डोळ्यात बघा, ठिपक्याच्या शेजारी. तो काळा पट्टा मी आहे.