इसोयूचं जतन

शिओहामाची नगरपालिका इसोयूचं जतन करणार, ही बातमी सकाळच्या पेपरात मासळीच्या भावांशेजारी छापून आली आणि दुपारपर्यंत फुमिए कुरोइवाने तांबडा भात शिजत घातला. लाल दाणे घालून केलेला हा चिकट भात लग्नाला, नातवंडाला, फार तर पोराच्या नोकरीला वाटतात. इमारत वाचली म्हणून वाटणारी गल्लीत ती पहिलीच. तिने डबे भरले, वर काळे तीळ आणि मीठ भुरभुरवलं आणि दारोदार जाऊन, कमरेतून वाकून सांगितलं, "तुमच्या कृपेने इसोयूचं जतन होतंय हं."

समोरच्या तोफूवाल्या सेत्सूने झाकण उघडून वास घेतला. "एवढा भात मी पोरीच्या लग्नात नव्हता केला."

"तुझी पोर दोन वर्षांत माहेरी परत आली. इसोयू कुठे जातंय?"

"तेही खरंच म्हणा," असं म्हणून सेत्सू उभ्याउभ्याच खायला लागली.

इसोयू म्हणजे फुमिएच्या आजोबांनी बंदराजवळ बांधलेलं, पैसे देऊन गावाने आंघोळीला यायचं सार्वजनिक न्हाणीघर. देवळासारखं वळणदार छप्पर, आत भिंतभर रंगवलेला फुजी पर्वत, आणि दाराशी मधोमध एक उंच कट्टा. त्यावर बसलं की एका डोळ्याने पुरुषांची बाजू दिसते, दुसऱ्याने बायकांची. फुमिएचा जन्म त्या कट्ट्यावर गेला. गावचे तीन नगराध्यक्ष तिने उघडे पाहिले होते, त्यामुळे राजकारणाबद्दल तिचे फारसे गैरसमज नव्हते. गैरसमज झाला तो एका शब्दाबद्दल.

बॉयलरने मान टाकली तेव्हा एका बिल्डरने जागा मागितली होती. देऊन टाकावी आणि मुलाकडे ओसाकाला जावं, असं तिचं जवळजवळ ठरलंही होतं. तेवढ्यात नोबो आला.

नोबो म्हणजे नोबोरू माशिमा. नगरपालिकेच्या संस्कृती खात्यातून तो एका शुक्रवारी हारतुऱ्यांसह निवृत्त झाला आणि सोमवारी त्याच खात्यात, त्याच खुर्चीवर, सल्लागार म्हणून रुजू झाला. गाव त्याला माशिमा-सान म्हणे आणि अहोजाहो करी. फुमिए नोबो म्हणे, कारण दुसरीत असताना त्याच्या चड्डीत खेकडा सोडणारी तीच होती.

"बिल्डरला देऊ नकोस, फुमी," तो म्हणाला. "आम्हाला दे. आम्ही जतन करू."

"नक्की?"

"माझा शब्द आहे."

शब्द खरोखरच त्याचा होता. पण ते पुढे कळलं.

फुमिएने जागा नगरपालिकेला देऊन टाकली. तिची अट एकच होती, जतनाची, आणि ती नगरपालिकेच्या साहेबांनी इतक्या आनंदाने मान्य केली की तिला स्वतःच्याच संशयी स्वभावाची लाज वाटली. तांबड्या भाताचा सर्वांत मोठा डबा अर्थातच माशिमांकडे गेला. नोबोने तो दोन्ही हातांनी घेतला, "अगं, कशाला एवढं," असं पायपुसण्याकडे बघत म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी, रिकामा डबा परत देऊ नये म्हणून, त्यात संत्री घालून पाठवून दिला.

मग विद्यापीठाची मंडळी आली. त्यांनी कौलं मोजली, फरशा मोजल्या, छपरावरून ड्रोन फिरवलं. लाकडी बादली फरशीवर टेकली की कसा आवाज होतो, तोसुद्धा टिपून घेतला. फुमिए त्यांना चहा द्यायची आणि विचारलेलं सांगायची. नोबो रोज यायचा.

"सगळं सांग, फुमी. काही म्हणजे काही हातचं राखू नकोस."

तिने राखलं नाही. युद्धात जळालेली तुळई कोणती आणि ती फळी ठोकून कुणी झाकली, ते सांगितलं. फुजीच्या चित्रात रंगाऱ्याने आपल्या प्रेयसीचं नाव कुठल्या ढगात लपवलंय, ते दाखवलं. मग कपडे बदलायच्या खोलीतल्या मधल्या खांबापाशी नेऊन डोलकाठीची गोष्ट सांगितली. ती आणि नोबो दुसरीत असताना मोठं तुफान झालं. इसोयूचा मधला खांब मोडला, आणि त्याच रात्री नोबोच्या वडिलांचं मालवाहू शिडाचं जहाज खडकावर फुटलं. हाती लागली ती फक्त डोलकाठी. ती त्यांनी फुमिएच्या वडिलांना दिली. बदल्यात माशिमा कुटुंबाला जन्मभर आंघोळ मोफत. तेव्हापासून छप्पर त्या डोलकाठीवर उभं आहे.

विद्यापीठाची मंडळी हरखून गेली. असं उदाहरण अख्ख्या जिल्ह्यात नाही, म्हणाली. नोबो भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत होता.

"शिंपीसुद्धा इतकं मोजत नाही," सेत्सू म्हणाली. "इतकं पेटीवालाच मोजतो."

"कुठला पेटीवाला?"

"माणसाला शेवटी ठेवतात, त्या पेटीवाला."

"तुझ्या तोंडात तोफूच कोंबायला हवा," फुमिए म्हणाली आणि पाहुण्यांच्या चहाचं आधण ठेवायला गेली.

फेब्रुवारीत नगरपालिकेने माहिती सभा बोलावली. सगळ्यांनी दारात बूट काढून सपाता चढवल्या. खुर्चीखुर्चीवर चहाची बाटली ठेवली होती. बांधकाम खात्याचा ओकाझे नावाचा तरुण इंजिनिअर माइकसमोर उभा राहिला.

"आपल्या सर्वांच्या सहकार्याने इसोयूचं जतन गेल्या आठवड्यात यशस्वीरीत्या पूर्ण झालं," तो म्हणाला. "त्यामुळे पुढच्या महिन्यात आपण पाडकाम सुरू करत आहोत."

शिओहामात सभेत प्रश्न विचारणाऱ्याला आईबापांनी वळण लावलं नाही असं समजतात. सगळे आपापल्या बाटलीवरचं लेबल वाचू लागले. माइक बिघडला असावा, असं फुमिएला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने सभेत हात वर केला.

"माफ करा. कशाचं पाडकाम?"

"इसोयूचं."

"पण त्याचं तर जतन झालं ना?"

"हो," ओकाझे म्हणाला. तिला मुद्दा कळल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं. "म्हणूनच."

मग त्याने समजावून सांगितलं. अगदी अदबीने, पडद्यावर बाण दाखवत. जतन दोन प्रकारचं असतं. एक जागेवर जतन, त्यात इमारत ठेवतात. दुसरं नोंद-जतन, त्यात इमारतीची नोंद ठेवतात. भूकंपाच्या नियमात इसोयू बसत नाही, तेव्हा पहिला प्रकार सुरुवातीपासूनच शक्य नव्हता. "बोलताना आम्ही दोन्हींना जतनच म्हणतो. सुटसुटीत पडतं. नोंद पूर्ण आणि अचूक झाल्याचा शिक्का बसल्याशिवाय एक कौलही हलवता येत नाही, इतका नियम कडक आहे. आपली नोंद तर जिल्ह्यात सर्वोत्तम ठरली आहे. याचं सगळं श्रेय कुरोइवा-सान यांना."

आणि त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. समोरच्याला एकट्याने टाळ्या वाजवू देणं बरं दिसत नाही, म्हणून सभागृहानेही वाजवल्या. सेत्सूने दोन वाजवल्या आणि हात मांडीखाली घातले.

फुमिए उठून उभी राहिली आणि टाळ्यांच्या दिशेने वाकली. श्रेय मिळालं की वाकायचं, हे शरीराला पाठ होतं. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या वाकण्याची.

नोबो तिला बुटांच्या फळीपाशी सापडला. स्वतःचे बूट समोर असून तो शोधत होता.

"तुला माहीत होतं."

"कुठलं जतन, ते तू विचारलं नाहीस, फुमी."

"वाघ पाळलाय म्हटल्यावर तो जिवंत आहे की पेंढा भरलेला, असं कोण विचारतं?"

"बिल्डरनेही पाडलंच असतं. तेही नोंद न करता."

"त्याने पाडतो म्हणून सांगून पाडलं असतं."

नोबोने एक बूट घातला. दुसरा हातात राहिला.

"तू भात खाल्लास," ती म्हणाली.

"नको म्हणणं बरं दिसलं नसतं."

"झाला होता का चांगला?"

"छान झाला होता," तो म्हणाला. हे तो मनापासून बोलला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "आधी सांगितलं असतं तर तू इतकं उलगडून सांगितलं असतंस का? नोंद अर्धीच राहिली असती." त्याचा सूर तिच्यावर उपकार केल्याचा होता.

दुसऱ्या दिवशी सेत्सूने तोफू कापता कापता विषय काढला. "तो पोरगा काय म्हणाला? नोंद अचूक असल्याशिवाय कौल हलत नाही."

"मग?"

"मग ती चुकीची निघाली तर?"

"मी सगळं खरं सांगितलंय."

"तीच तर तुझी खोड. मार्च संपला की पाडकामाचा निधी परत जातो. पुढच्या वर्षी नगराध्यक्षाची निवडणूक. निवडणुकीच्या वर्षात सगळ्यांचा जुन्या इमारतींवर जीव जडतो. तुला फक्त मार्च काढायचाय."

फुमिएने विचार केला आणि डोलकाठी निवडली. नोंदीतलं तेच रत्न होतं. तेच खोटं ठरलं तर लाकूड तपासायला जाणार, समिती पुन्हा बसणार. ती डोलकाठीच आहे, असं सांगू शकणारा तिच्याशिवाय हयात माणूस एकच उरला होता, नोबो. त्या माणसाचा तिने बराच विचार केला. आपण खोटं बोललो नाही, असं तो म्हणत होता. ठीक आहे. आताही बोलायला नको. त्याने फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते त्याला वर्षभर छान जमलं होतं. शिवाय, रागाच्या तळाशी तिला अजून वाटत होतं, की संधी मिळाली तर नोबो हे निस्तरेल.

नगरपालिकेत ओकाझेच्या टेबलासमोर ती वाकली. संस्कृती खातंही त्याच दालनात होतं, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी नोबो कागद चाळत होता.

"मला एक चूक सुधारायची आहे," फुमिए म्हणाली. "मधला खांब म्हणजे डोलकाठी नव्हे. वखारीतून आणलेलं साधं लाकूड आहे. गिऱ्हाइकांना रिझवायला वडील तशी थाप मारायचे, तीच मी तुम्हाला सांगितली. क्षमा करा."

ओकाझेचा चेहरा पडला. त्याने कॅलेंडर पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. "नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागेल... मग समिती... मार्चमध्ये नाही बसत हे. कुरोइवा-सान, तुमची खात्री आहे? याला कुणी साक्षीदार?"

"आता कुणी राहिलं नाही," फुमिए म्हणाली. हे म्हणताना तिने खिडकीकडे पाहिलं, कोपऱ्याकडे नाही. त्याला निसटायला तिने तेवढी वाट ठेवली.

पण ओकाझे कर्तव्यदक्ष होता. "माशिमा-सान, जहाज तुमच्या वडिलांचं होतं, असं नोंदीत आहे ना?"

नोबोने चष्मा काढला. जहाज गेल्यावर त्याचे वडील गोदीत पोती वाहत राहिले आणि पोती वाहतच गेले. थडग्याचा दगड सोडला तर त्यांचं नाव या गावात कुठे लिहिलेलं नव्हतं. आता ते इसोयूच्या नोंदीच्या जाड बांधणीच्या ग्रंथात छापलं जाणार होतं, 'जहाजमालक' असं विशेषण लावून, आणि जिल्हा ग्रंथालयात कायमचं राहणार होतं. भिंतीकडे तोंड करून तो चष्मा का पुसत होता, ते फुमिएला आता, त्या क्षणी कळलं. वाट तिने ठेवली होती खरी, पण ती त्याच्या बापाच्या नावावरून जात होती.

"फुमी-चानचं वय झालंय," नोबो हळुवारपणे, लहानपणच्या लाडाच्या हाकेने म्हणाला. "हल्ली विसरते ती. डोलकाठीच आहे ती. बाबांनी आणि तिच्या वडिलांनी खांद्यावरून आणली. मागच्या टोकाला आम्ही दोघं होतो. फुमी-चानच्या तळहातात कुसळं गेली होती. तिच्या आईने सुईने काढली."

पहिली दोन वाक्यं सोडली तर सगळं खरं होतं. फुमिएने नकळत मूठ मिटली.

"कुसळं?" ओकाझे खुलला आणि लिहू लागला. "हे नोंदीत नव्हतं. फार मोलाचं आहे हे. आता कुठे पूर्ण झाली म्हणायची." त्याने कागद फिरवून तिच्यापुढे सरकवला. "मग आधीचंच कायम ना, कुरोइवा-सान? इथे सहीऐवजी तुमचा शिक्का मारा, म्हणजे झालं."

तिने शिक्का मारला. तो तिने बरोबर आणलेलाच होता, नोंद चुकीची आहे यावर मारायला.

नोबो तिला लिफ्टपर्यंत सोडायला आला. "नमुना तपासला असता तरी तेच निघालं असतं," तो म्हणाला. "महिनाभर लांबलं असतं, एवढंच."

तिला तो महिनाच हवा होता, हे त्याला ठाऊक होतं. तिने लिफ्टचं बटण दाबलं.

"रागावलीस, फुमी?"

लिफ्ट आली. आत शिरून फुमिए त्याच्याकडे वळली, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि परक्या माणसासमोर वाकावं तितकी खोल वाकली.

"माशिमा-सान, तुमचा फार वेळ घेतला. आभारी आहे."

समोरचा वाकला की वाकावं लागतं, म्हणून नोबोही वाकला. लिफ्टचं दार मिटेपर्यंत दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही.