विश्वासातली गोष्ट

"गो वर्षाली, तुझो बापूस काय आता पाण्यात गावूचो नाय! बिनधास्त पव!"

पोहणं शिकवणारे सुदेश सर आचऱ्याच्या किनाऱ्यावरून ओरडले आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली सगळी मुलं वर्षालीकडे वळून बघू लागली. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. मुलीला धीर दिला असंच त्यांना वाटलं. वर्षालीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने पाहिलं ते वाळूत उभ्या असलेल्या ऋताकडे. मग ती पाण्याबाहेर आली आणि ओल्या अंगानेच घराच्या वाटेला लागली.



ऋता कुडाळच्या मास्तरांची मुलगी. पुण्याला क्रीडा मानसशास्त्र शिकून आली होती आणि पोहण्याच्या क्लबातल्या मुलांची स्पर्धेसाठी मनाची तयारी करून घेत होती. वर्षालीला तरणतलावात तोड नव्हती. समुद्रात मात्र ती पोहता पोहता किनाऱ्याकडे कलायची. का, ते तिने कितीतरी बैठकांनंतर सांगितलं. तिचे वडील रामचंद्र होडी उलटून गेले होते, ते सापडलेच नव्हते.

"ताई, हात मारताना बाबांच्या हाताक हात लागलो तर?" एवढं बोलून ती हमसून रडली होती. "कोणाक सांगू नको हां. आवशीक तर नायच."

कुणालाच, तिच्या आईलाही सांगणार नाही, असा ऋताने शब्द दिला होता.

आणि मग चहाच्या टपरीवर सुदेश सर म्हणाले, "नुसती नाटका करता ता चेडू." ऋताला राहवलं नाही. मुलीची बाजू घ्यायची म्हणून ती वर्षालीने सांगितलेलं सगळं बोलून गेली. पण तेवढंच नव्हतं. जे कुणाला कळलं नाही ते आपण काढून घेतलं, हे सरांना कळावं असंही तिला वाटलं होतं. आता तेच तिला टोचत होतं.

दुपारी ती वर्षालीच्या घरी गेली. गोष्ट तिच्याआधीच पोचली होती. वर्षालीची आई गंगू मासळी विकून आली होती. तिने लगबगीने खुर्ची पुसली.

"बाय, तुमी सांगल्यात ता बरा झाला. चेडवान माका कधी कळूक देवक नाय. मी आपली रोज म्हणी होतंय, बापूस बघता हा तुका, जोरात पव." गंगूने पदर तोंडाला लावला. "तुमचे उपकार झाले."

ऋताला बसवेना. दारात वर्षाली उभी होती.

"वर्षाली, माझा चुकला गो."

"नाही मॅडम, तुमचं काही चुकलं नाही," वर्षाली म्हणाली. "मी ठीक आहे. आपण उगाच त्रास घेतलात."

गंगू चमकून लेकीकडे बघत राहिली. तहसीलदार कचेरीत बोलावं तसं ती घरात कधी बोलली नव्हती.

पुढच्या बैठकीला वर्षाली वेळेवर आली. खुर्चीत ताठ बसली. झोप येते का? येते. भूक लागते का? लागते. समुद्राची भीती?

"आता वाटत नाही, मॅडम."

ऋताने वहीत तेवढंच लिहिलं. मग वर्षालीनेच विचारलं, "श्वासाचा व्यायाम करू?" आणि उत्तराची वाट न पाहता तिने डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले आणि शिकवल्याप्रमाणे सावकाश, एकही चूक न करता श्वास घेऊ लागली.

तिचे डोळे मिटलेले होते, तरी ऋताला तिच्याकडे बघवलं नाही.