ठिपका वर ठेवायचा

जाळी काढायला नागप्पांनी महानंदाला पुढे केलं. काचेच्या पेटीत जाळीच्या अलीकडे पालीची मादी होती, पलीकडे नर. दोघांना एकमेकांच्या वासाची सवय व्हावी म्हणून नागप्पांनी त्यांना असं शेजारी शेजारी ठेवलं होतं. मादी पोटभर खायला लागली, शेपटी जाड झाली, तेव्हा कुठे त्यांनी आजचा दिवस धरला.

"हळू वढ," ते लेकीला म्हणाले. "त्यानं मानेला धरलं तरी भिऊ नको. पन तिनं उलटून चावा घेतला तर लगेच त्याला उचलायचं. तिच्या मनात नसंल तर जबरदस्ती न्हाई."

चुलीपुढून त्यांच्या बायकोचा, भागम्माचा आवाज आला, "पोरीसाठी येवढं बगितलं असतं तर आज नातू रांगला असता घरात."

नराने शेपटीचं टोक वाळूवर थरथरवलं. मादी जागची हलली नाही. नराने तिच्या मानेची कातडी तोंडात धरली आणि मादीने डोळे मिटले. या पालींना पापण्या असतात.

नागप्पा पिंगळीच्या स्टेशनावर तिकिटं द्यायचे. विद्यापीठाच्या नामांतरावरून गाड्या बंद पडल्या होत्या, खिडकीवर कुणी फिरकत नव्हतं, तेव्हा रुळाखालून काढलेल्या जुन्या लाकडी स्लीपरांच्या ढिगाऱ्यात त्यांना हा नर सापडला होता. भिंतीवरच्या पालीसारखा नव्हता. पिवळट अंग, त्यावर तपकिरी ठिपके, आणि काचेवर न चढणारे पाय. दिसला की लोक विषारी म्हणून ठेचत. मादी मिळायला पुढे बरीच वर्षं गेली. मुंजाजी गँगमनने ती जेवणाच्या डब्यात घालून आणली, आणि डबा परत न्यायला काही आला नाही.

भागम्माला हे सगळं नको होतं. लिंगायताच्या घरात जिवंत किडे धरून खाऊ घालायचे! ती पेटीवरून जाताना शिवा शिवा म्हणायची आणि पदर सावरायची. किडे धरायचं काम महानंदाकडे होतं. दहावीनंतर तिला घरात दुसरं काम तरी काय होतं? स्थळं यायची, चहा पिऊन जायची.

मादीने दोन अंडी घातली त्या दिवशी नागप्पा ड्युटीवरून धावत आले. अंडी उचलण्याआधी त्यांनी ऑफिसातली जांभळी पेन्सिल जिभेवर ओली केली आणि प्रत्येकावर एकेक ठिपका दिला. मग अंडी ओल्या वाळूच्या डब्यात ठेवून डबा रांजणाच्या कडेला, गारव्याला ठेवला.

"अंडं पडलं तसंच ऱ्हायलं पायजे," त्यांनी लेकीला दाखवलं. "उलटं झालं की आतला जीव बुडतो. ठिपका कायम वर ठिवायचा."

त्याच सुमारास सोनपेठचं स्थळ आलं. मुलाचं किराणा दुकान, निर्व्यसनी घर. काळजी एकच होती. महानंदाच्या उजव्या मनगटावर, बांगड्यांखाली, तांदळाएवढा पांढरा डाग होता. परभणीच्या डॉक्टरांनी त्याला कोड म्हटलं होतं. नागप्पांना ते सांगायला डॉक्टर लागला नव्हता. त्यांच्या थोरल्या बहिणीला, काशीबाईला, असाच डाग आला होता. सासरच्यांनी तिला स्टेशनावर आणून बसवलं आणि पुढच्या गाडीने निघून गेले. मरेपर्यंत ती याच घरात राहिली. तिची ताटली वेगळी घासली जायची. ती ताटली अजून मोरीच्या फळीवर होती.

पाहुण्यांत मुलाचे वडील मन्मथअप्पा आणि मुलाची आत्या होती. महानंदाने खाली वाकून पाया पडताना बांगड्या वर सरकल्या. आत्याने तिचा हात धरला तो सोडलाच नाही. अंगठ्याने डाग घासून पाहिला.

"नागप्पा," ती म्हणाली, "हे रक्तातलं हाय का? घराण्यात कुनाला हाय?"

नागप्पांनी तोंड उघडलं. त्यांना खोटं बोलता येत नाही हे महानंदाला ठाऊक होतं. दाराआड धाकटी बहीण कस्तुरा पोह्यांचं ताट घेऊन उभी होती.

"पालीचं हाय," महानंदा म्हणाली. "आमच्या अप्पानं पाली पाळल्यात. मी किडे घालते त्येंना. पाल अंगावर मुतली."

आदल्याच आठवड्यात तिच्या घोट्याजवळ मोहरीएवढा दुसरा डाग उमटला होता. तो तिने आईलाही दाखवला नव्हता.

आत्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "पालीचं वाढत न्हाई. रक्तातलं वाढतंय." मग ती नागप्पांकडे वळली. "खरं हाय का हे?"

नागप्पांनी लेकीकडे पाहिलं. खिडकीतून तिकीट सरकवावं तसा तो शब्द त्यांनी पुढे सरकवला. "खरं हाय."

"मग ती घाण अजून घरात कशाला? काढून टाका. आमच्यासमोर काढा, मंजी मनात काई ऱ्हानार न्हाई."

नागप्पा पेटी उचलून मागच्या अंगणात गेले. रुळाकडं सोडून येतो म्हणाले. सोडलेलं जित्राब परत घरला येतं, असं आत्याने ऐकवलं. नागप्पा पेटी छातीशी धरून तसेच उभे राहिले.

तेवढ्यात भागम्मा आली. पिठात मुंगी दिसली तर बोटावर घेऊन बाहेर सोडणारी बाई. पदराने धरलेल्या पातेल्यात चहाचं आधण उकळत होतं. तिने नवऱ्याच्या हातातली पेटी काढून खाली ठेवली आणि आधण त्यात ओतलं.

नर काचेवर चढायला बघत होता, त्याचे पाय सटकत होते. मादीची शेपटी तुटून वेगळी झाली आणि एकटीच बराच वेळ वळवळत राहिली. ती थांबेपर्यंत आत्या उभी होती. मग ती आत गेली, आणि भागम्माने चहासाठी नवं आधण ठेवलं. पाहुण्यांनी चहा घेतला. सुपारी फुटली.

एस.टी.ला निघताना आत्याने उंबऱ्यात थांबून विचारलं, "आता न्हाई ना घरात तसलं काई? हळदीच्या दिवशी एक जरी दिसली, तर बोलनं मोडलं म्हनून समजा."

"न्हाई," महानंदा म्हणाली.

दिवेलागणीला नागप्पा रांजणापाशी बसलेले दिसले. डबा मांडीवर होता. बोटांनी ते वाळूवर पाणी शिंपडत होते. लेक जवळ येऊन बसली तेव्हा ते हळूच म्हणाले की पिल्लं लग्नाच्या तारखेच्या आधीच निघतील, मुंजाजीकडं ठेवायला देता येतील.

"मुंजाजीकाका गावभर सांगतेत, अप्पा."

तेही त्यांना माहीत होतं. महानंदाने हात पुढे केला. नागप्पांनी डबा लगेच दिला नाही. मग दिला.

तिने वाळू बाजूला सारली. दोन्ही ठिपके वर होते, जांभळे, ओलाव्याने जरासे पसरलेले. पहिलं अंडं तिने दोन बोटांत धरलं आणि उलटं करून ठेवलं. मग दुसरं. ठिपके खाली गेले. तिने वाळू पहिल्यासारखी सारखी केली आणि बांगड्या मनगटावर खाली ओढल्या.

नागप्पांनी डबा परत घेतला, रांजणाच्या कडेला नेमक्या जागी ठेवला, आणि सवयीने वाळूवर पाणी शिंपडलं.