माझं यांच्यात कुणी नाही

थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी नदीवरच्या पुलाचं काम निघालं. लग्नाला अण्णांनी सगळा गोतावळा बोलावला, एकट्या धाकट्या भावाला सोडून. आई गेली त्या दिवशी धाकटा कुठल्याशा इमारतीचा स्लॅब टाकत होता. "ओतलेलं काँक्रीट कुणासाठी थांबत नाही," असा निरोप त्यानं धाडला, आणि पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून दोघांची तोंडं दोन दिशांना.

अण्णा पुलांच्या कचेरीत इंजिनिअर, धाकटा ठेकेदार. पुलाचा पैसा परदेशी बँकेच्या कर्जाचा, म्हणून नियमही बँकेचेच. निविदा सगळ्यांसमोर फोडायच्या, आकडे मोठ्यानं वाचायचे. निवड करणाऱ्यांपैकी कुणाचं ठेकेदाराशी नातं असलं, तर त्यानं तसं सांगून बाजूला व्हायचं.

निविदा फोडायच्या दिवशी ठेकेदार बाकांवर दाटीवाटीनं बसले होते. धाकट्याचा दर सगळ्यांत कमी निघाला. कचेरीच्या साहेबांनी निवड समितीकडे वळून विचारलं; अण्णाही तिच्यात होते. "यांच्यात कुणाचं कुणी आहे का? अण्णा, आडनाव तर तुमचंच दिसतंय."

"आडनावं काय, पैशाला पासरी मिळतात," अण्णा म्हणाले. "माझं यांच्यात कुणी नाही."

लोक हसले. मागच्या बाकावर धाकट्यानं चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिला. तोही बोलला नाही. एका आईची लेकरं, हट्टही एकाच मापाचा.

काम त्याला मिळालं. त्यानं सळई आणून टाकली, माणसं जमवली. मग हरलेल्या एका ठेकेदारानं बँकेकडे तक्रार केली. बँकेचा माणूस आला, मऊ बोलणारा. त्यानं एवढंच विचारलं, "हे तुमचे सख्खे भाऊ?"

अण्णांनी होकारार्थी मान हलवली.

दोघांनी नातं लपवलं, म्हणजे संगनमत. ठेका रद्द झाला. बँकेनं पुलाचा पैसा काढून घेतला आणि धाकट्याला आपल्या सगळ्या कामांतून बाद केलं. अण्णांची नुसती बदली झाली.

"अहो, 'भाऊ आहे' एवढं सांगून चहा प्यायला बाहेर गेला असतात, तर काम त्यालाच मिळालं असतं," साहेब म्हणाले. "दर त्याचाच कमी होता."

त्या संध्याकाळी अण्णा धाकट्याच्या घरी गेले. दारात सळई गंजत पडली होती. भावजयीनं पाणी दिलं, पण वर बघितलं नाही.

"मी बँकेला लिहितो," अण्णा म्हणाले. "चूक माझी, तुझी नाही."

"अर्जात मीही 'नातं नाही' लिहिलंच की." धाकटा हसल्यासारखं करत म्हणाला, "आणि अण्णा, तू खोटं कुठं बोललास? लेकीच्या लग्नाला बोलावलं असतंस, तर ते खोटं ठरलं असतं."

अण्णांना बसवेना की उठवेना.

"लांब काम मिळालंय, दुसऱ्याच्या हाताखाली," धाकटा म्हणाला. "परत आलो की बोलू सावकाश."

अण्णांनी बँकेला लिहिलं. उत्तर यायच्या आधी एका मुकादमाचा फोन आला. "यांच्या खिशात तुमचा नंबर होता. तुम्ही कोण यांचे?"

"थोरला भाऊ," अण्णा म्हणाले. "सख्खा."

नदीवर अजून होडीच चालते. थोरल्या लेकीला पहिली मुलगी झाली, त्या हिवाळ्यात धाकटा गेला, परक्याच्या इमारतीवर, परांचीवरून पडून.