आजीनं वाचलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आहे. काळी, तळहाताएवढी, एका कोपऱ्याला टवका उडालेली. माझा कुणावर लवकर भरवसा बसत नाही. का, ते सांगते.

करमाडच्या रामकिसनबाबांनी आयुष्यभर भीमगीतं गायली. शेवटच्या वर्षी त्यांची नात मोनिका हिनं त्यांची एकेचाळीस गाणी मोबाईलवर घेतली आणि माझ्यात ठेवली. पुढं मोबाईल बिघडला, बाबाही गेले. त्यांचा आवाज फक्त माझ्यापाशी राहिला.

मग छावणी भागातल्या बुद्धविहाराच्या वाचनालयातला संगणक बंद पडला. त्याच्या आतली डिस्कच गेली होती. तिथं मोनिका बायकांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायची. तो अडू नये म्हणून तिनं संगणक चालवणारी प्रणाली माझ्यावर बसवायचं ठरवलं. त्याआधी तिनं गाणी पेनड्राइव्हवर घेतली. मला तेव्हाच शंका आली. माझी चकती नीट फिरलीसुद्धा नव्हती. पण सांगायला मला तोंड कुठं?

वर्गातल्या बायकांसाठी तिनं पडद्यावर मराठी निवडली आणि 'पुढे', 'पुढे' दाबत निघाली. शेजारी तिची आजी मनकर्णाबाई बसली होती. आजी साठी उलटल्यावर अक्षरं शिकली. तेव्हापासून दिसेल ती ओळ बोट ठेवून पुरी वाचते, विजेचं बिल असो की बिस्किटाचा पुडा. तिचं होईस्तोवर घरात सगळ्यांनी थांबायचं.

"थांब मोने," ती म्हणाली. "या डिस्कवरील... सर्व माहिती... पुसली जाईल. ह्यात तुझा आजा हाय ना?"

"गाणी घेतलीत आजी पेनड्राइव्हवर. मिनिटबी नाय लागलं."

"एकेचाळीस गाणी मिनिटात? त्याला एका गाण्याआधी दोन कप चहा लागायचा. लावून दाव."

मोनिकानं हसत पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला. नावं सगळी होती. गाणं एकही वाजेना. तिनं गाण्यांऐवजी नुसते शॉर्टकट उचलले होते, म्हणजे माझा पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या. तिचं हसू गेलं. 'पुढे' न दाबता तिनं मला संगणकापासून सोडवलं.

खरी नक्कल लॅपटॉपवर उतरायला बराच वेळ गेला. तरी आजीनं एकेक गाणं शेवटपर्यंत ऐकलं. त्यात तीन दिवस गेले, वर्ग तीन दिवस थांबला. मगच ती म्हणाली, "दाब आता."

आज वाचनालयाचा संगणक माझ्यावर चालतो. बायका माझं कौतुक करतात. मोनिकानं गाण्यांची आणखी एक नक्कल करून ठेवली आहे, असं ती म्हणते.

मित्रांनो, 'पुढे' दाबण्याआधी ओळ पुरी वाचा. नक्कल केली म्हणून थांबू नका, ती उघडून बघा.

दर रविवारी वंदना झाली की आजी लॅपटॉपवर एक गाणं लावते. आवाज आहे ना, एवढंच बघायला. शेजारच्या टेबलावरून मीही ऐकते. गाणं संपेपर्यंत मलाही खात्री नसते.