क्लॅरीनं रचून ठेवलेली लाकडं

जावई आगाऊ असला तर त्याला एका शब्दात जागेवर बसवता येतं. माझा जावई लिंडन नेमका उलटा आहे. तो विचारतो. दार सताड उघडं असलं तरी उंबऱ्यात उभा राहून विचारतो, "आत येऊ का?" माझ्या टेबलाशी इतकी वर्षं जेवतोय, तरी मीठ घ्यायच्या आधी विचारतो. मी आमच्या रोस्लिनला एकदा म्हटलंसुद्धा, "अगं, तुझा नवरा श्वास घेताना तरी परवानगी मागत नाही ना?" ती म्हणाली, "आई, सभ्य आहे तो." सभ्य! सभ्यपणा पाहुण्यांनी करावा. घरच्या माणसानं कामाला लागावं.

आणि त्या बुधवारी हाच सभ्य माणूस माझी आगटी उघडी टाकून, हातोडा-छिन्नी फरशीवर तशीच सोडून, तोंडातून चकार शब्द न काढता गाडीत बसून निघून गेला.

माझा नवरा क्लॅरी तेव्हा होबार्टच्या इस्पितळात होता. जन्मभर लाकूड कापायच्या गिरणीत भुसा ओढलेली छाती ती, शेवटी रुसली. बरा होत आला होता, पण तिथल्या नर्सनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "घरात धूर असेल तर आम्ही यांना घरी सोडणार नाही. दुसरी सोय बघा." दुसरी सोय म्हणजे इस्पितळाजवळचा फ्लॅट, खिडकीतून मोटारी बघायच्या. आमच्या घरातली भिंतीतली आगटी उघडी. नैऋत्येचा वारा सुटला की धूर वर जायच्या ऐवजी आमच्या मांडीवर येऊन बसतो. बरं, आगटीच नको म्हणावं, तर ह्युऑन नदीच्या खोऱ्यात या वरच्या अंगाला हिवाळ्यात आगीशिवाय राहून दाखवा. विजेचे दोन हीटर लावले की फ्यूज उडून सगळ्या घरात अंधार.

लिंडन प्लंबर आहे. खोऱ्यातल्या निम्म्या घरांत शेगड्या त्यानंच बसवल्यात. तो म्हणाला, "मेव्हिस, जुन्या आगटीच्या आत बसणारी लोखंडी शेगडी मिळते. काचेचं दार असतं. धुराड्यातून थेट वरपर्यंत पोलादी नळी सोडतो. धूर खोलीत यायचा प्रश्नच नाही. करू का?"

"कर," मी म्हटलं. नर्सला विचारलं, तिनंही होकार दिला. शेगडी चालू झाली तर शुक्रवारी क्लॅरी घरी.

आता इथं आमच्या क्लॅरीची एक सवय सांगायला हवी. एन्झॅक डे, म्हणजे युद्धात पडलेल्या सैनिकांचा स्मरणदिन, उजाडल्याशिवाय आग पेटवायची नाही, हे खोऱ्यात सगळेच पाळतात. एप्रिल सरत आला, आमच्या या दक्षिणेकडं हिवाळा तोंडावर आला, की त्या दिवशी पहाटे सैनिकांच्या स्मारकापाशी उभं राहून यायचं आणि मग घरी येऊन वर्षातली पहिली काडी ओढायची. त्याआधी कितीही गारठा पडो, स्वेटरवर स्वेटर चढवा. पण क्लॅरी त्याच्याही पुढचा. वसंतात शेवटची आग विझली की तो राख काढतो आणि लगेच पुढच्या वर्षीची रचून ठेवतो. खाली चुरगळलेला कागद, त्यावर सुकी साल, मग बोटाएवढ्या काड्या, वर दोन ओंडके. सबंध उन्हाळा ते तसंच. नातवंडांचा चेंडू आत गेला तरी काढायची कुणाची छाती नव्हती. क्लॅरी स्वतः गुडघ्यावर बसून, एक काडी न हलवता तो काढून द्यायचा.

तर बुधवारी सकाळी शेगडी आली. लिंडनच्या सोबत्यानं ती ट्रकमधून उतरवून आत आणून दिली आणि तो गेला. मी रचलेली लाकडं उचलून सफरचंदाच्या खोक्यात ठेवली, जशी होती त्याच क्रमानं. लिंडन बघत राहिला, जणू मी क्लॅरीचा खिसा कापत होते.

मग शेगडी ढकलली. अर्धी गेली आणि थांबली.

"ढकल की," मी म्हटलं.

"अडकली."

"कशाला अडकली?"

"मागं अरुंद आहे, मेव्हिस. बाजूचे दगड आत आलेत."

"येणारच. आच खोलीत फेकली जावी म्हणून बाजू तिरक्याच बांधतात. खोक्यांत सफरचंदं भरून म्हातारी झालेल्या बाईला हे ठाऊक, आणि तू प्लंबर! मापं घेतली होतीस ना?"

"पुढची घेतली."

"आणि मागची?"

त्याचे कान लाल झाले. "मागं क्लॅरीची लाकडं होती."

"मग उचलायची!"

"क्लॅरीनं रचलेली होती ती. ते तिकडं पडलेले, आणि मी इकडं त्यांची लाकडं उचलू?"

मी त्याला म्हटलं, "लहान शेगडी मिळेल का?" तो म्हणाला, "मागवावी लागेल. येईपर्यंत महिना जाईल." मग त्यानं त्या दगडांवरून हात फिरवला. "नाहीतर दोन्ही बाजूंचे कोपरे तासावे लागतील. तासू का?"

ते दगड क्लॅरीनं आमच्या लग्नाआधी ओढ्यापलीकडून आणलेले. पिवळा, वाळूचा दगड. एकेक हातानं घडवलेला, अजून छिन्नीच्या रेघा दिसतात. मी तेव्हा त्याला सांगितलं होतं, गार घरात मी पाऊल टाकणार नाही. त्यानं घराच्या आधी आगटी बांधली. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही, माळावर नुसती आगटी उभी. लोक हसायचे.

लिंडन उत्तराची वाट बघत होता. मी म्हटलं, "चहा करते."

दोन कप घेऊन आले तर हा गायब. खिडकीतून गाडीची धूळ दिसली.

मी दोन्ही कप प्याले. मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मीठ घेताना विचारतोस, आणि आता न विचारता पळतोस? घाबरला असेल म्हटलं. मग समोर बघितलं. एका बाजूला क्लॅरीचे दगड होते, दुसऱ्या बाजूला क्लॅरीची खुर्ची. दगड जागेवर होते. खुर्ची रिकामी होती.

मी शेगडी मागं ओढली. कशी ओढली ते विचारू नका, गुडघ्यांनी अजून मला माफ केलेलं नाही. डोक्याला फडकं बांधलं, आगटीत शिरले आणि छिन्नी लावली. पहिला घाव घालताना डोळे मिटले, म्हणून तो अंगठ्यावर बसला. दुसरा उघड्या डोळ्यांनी घातला. वरून काजळीनं काळा झालेला दगड आतून निघाला लोण्यासारखा पिवळा, नवा कोरा. तासत गेले. शिव्याही देत होते. कुणाला, ते दर घावाला बदलत होतं.

लिंडन परतला तेव्हा दुपार कलली होती. आणि दारात उभा राहून म्हणतो कसा, "आत येऊ का?"

"कुठं उलथला होतास?"

"होबार्टला. क्लॅरींना विचारायला."

"काय विचारायला?"

"दगड तासू का म्हणून. त्यांचं काम आहे ते, मेव्हिस. तुमच्यानं बोलवेना, ते मला दिसलं. म्हटलं, त्यांनाच विचारावं."

माझ्या आगटीबद्दल, मला सोडून, तो माणूस एवढी वाट तुडवत पलंगावर पडलेल्या आजाऱ्याला विचारायला गेला होता! मी कमरेवर हात ठेवले. "मग? काय म्हणाला तो शहाणा?"

"आधी हसले. मग खोकले. नर्स माझ्यावर ओरडली. मग म्हणाले, ती आगटी माझी नाही रे, तिची आहे. मी नुसते दगड रचले. तिला विचार."

एवढं सांगून तो पुढं आला आणि त्याला ते पिवळे कोपरे दिसले. दगडाचा भुगा, मी, माझं काळं तोंड.

"हे तुम्ही केलं?"

"नाही. रात्री छपरावर नाचणारा पोसम आला होता छिन्नी घेऊन."

मी झाडू शोधायला वळले. झाडू माझ्या हातातच होता. लिंडननं तो काढून घेतला, माझा सुजलेला अंगठा नळाखाली धरला, खिशातला रुमाल काढून घट्ट बांधला. यातलं काहीही करताना त्यानं विचारलं नाही. मीही बोलले नाही, नाहीतर पुन्हा विचारायला लागला असता.

दुसऱ्या दिवशी शेगडी आत सरकली, टेबलात खण सरकावा तशी. लिंडननं छपरावर चढून नळी सोडली, वर पत्र्याची टोपी बसवली, फटी बुजवल्या. नव्या शेगडीचा रंग पक्का व्हायला आधी लहान-लहान आग करावी लागते, खिडक्या उघड्या ठेवून, कारण घाण वास सुटतो. म्हणजे क्लॅरी यायच्या आत पेटवायलाच हवी. आणि एन्झॅक डे अजून पुढच्या आठवड्यात.

लिंडन दाराकडं बघायला लागला. "क्लॅरींना फोन करून विचारू का?"

"फोनला हात लावून बघ. छिन्नी अजून इथंच आहे."

मी खोकं पुढं ओढलं. क्लॅरीचा कागद, क्लॅरीची साल, क्लॅरीच्या काड्या, सगळं त्याच्या क्रमानं ठेवलं आणि काडी ओढली. धूर सुतासारखा सरळ वर गेला.

शुक्रवारी रोस्लिननं क्लॅरीला घरी आणलं. खुर्चीत बसवलं, पायावर घोंगडी घातली. त्यानं पुढं वाकून काचेतल्या आगीकडं बघितलं.

"पोरी," तो मला म्हणाला. नातवंडं आली तरी मी अजून त्याची पोरीच. "एन्झॅक डे झाला का गं?"

"नाही."

"मग हे काय?"

"आग म्हणतात याला."

"दगडाचं मला काही नाही. पण एन्झॅक डेच्या आधी आग? माझ्या घरात?"

"आगटी माझी आहे ना? माझ्या आगटीत मी केव्हाही पेटवीन. तुला गारठायचं असेल तर अंगणात खुर्ची टाकते."

तो हसायला लागला. मी श्वास धरून उभी, आता खोकला येणार म्हणून. नाही आला. हसून झालं, मान कलली आणि तो झोपला, तोंड उघडं टाकून, घरात झोपतात तसा.

लिंडन आवाज न करता हत्यारं गोळा करत होता. पेटी उचलून दाराशी गेला आणि वळून हळूच म्हणाला, "मेव्हिस, मी निघू का?"

"ठेव ती पेटी खाली," मी म्हटलं. "असा प्लंबर मी बघितला नाही. माप घेता येत नाही तुला. पण माझा माणूस फ्लॅटमध्ये नाही, त्या खुर्चीत घोरतोय, तो तुझ्यामुळं. तेव्हा नीट ऐक, मी दोनदा सांगणार नाही. यापुढं या घरात तू काही विचारायचं नाहीस. यायचं, खायचं, वाटलं तर भिंत पाडायची. आणि आता 'बसू का' म्हणालास तर बघ. बस."